कार्डाखाली मावेल एवढं

लिव्होनियातल्या डीलरने, नाव ड्वेन,
आधी कॉफी दिली, मग प्लास्टिकचं एक कार्ड.
लीज संपल्यावर गाडी परत आणाल, म्हणाला,
तेव्हा आम्ही हे प्रत्येक पोच्यावर ठेवून बघतो.
पोचा झाकला गेला तर माफ.
बाहेर डोकावला तर पैसे.

शर्वरी तोवर आत बसली होती.
तिन्ही आरसे तिने आपल्या उंचीला लावून घेतले,
कुणाला न विचारता.

अविनाश माहितीपत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडत होता:
छत्तीस महिने, वर्षाला दहा हजार मैल,
वर विमा. सोळा वर्षांच्या ड्रायव्हरचा विमा बघून
म्हणाला, गाडीपेक्षा पोरगीच महाग पडतेय.
ड्वेनला मराठी येत नाही. तोही हसला.

छत्तीस. मी बोटांच्या पेरांवर मोजले.
एकविसाव्या महिन्यात ती कॉलेजला जाईल.
उरलेले पंधरा महिने ही गाडी दारात
उभ्या उभ्या हप्ते खाणार,
आणि आम्ही तिला ओरखडा येऊ नये म्हणून
खिडकीतून बघत बसणार.

घरी आल्यावर कार्ड माझ्या पर्समध्ये निघालं.
आणलं की आलं, ठाऊक नाही.
फ्रिजच्या दाराचा खड्डा: झाकला.
माझ्या मनगटावरचा कुकरच्या वाफेचा डाग: झाकला.
शर्वरीच्या गुडघ्यावरची सायकलची खूण
तिच्याबरोबर वाढत आलीय.
दोन्ही बाजूंनी बाहेर.
काय करतेयस आई?
काही नाही, म्हटलं, बघतेय किती होतात.

तीन घरं सोडून स्टॅन कोवाल्चिक राहतो.
कारखान्यात अडतीस वर्षं गाड्यांची दारं बसवली त्याने.
बायको डोलोरेस आता गाडी चालवणं विसरलीय,
स्टॅनलाही अधूनमधून विसरते.
तिची गाडी गॅरेजमध्ये. बेचाळीसशे डॉलर.
ग्लव्हबॉक्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक यादी:
दूध, बल्ब, स्टॅनचे मोजे.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं बाबा म्हणायचे.
इथे उलटं, मीठच खातं.
हिवाळाभर रस्त्यांवर पसरतात ते लोखंडाला लागतं.
चौदा हिवाळ्यांचे पापुद्रे दाखवायला
स्टॅन पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरला.
शर्वरीही शिरली, नव्या जीन्ससकट.
बाहेर फक्त चार बूट,
आतून टॉर्चचा उजेड आणि तिचे प्रश्न.
ड्वेनकडे तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

रात्री अविनाश म्हणाला,
नवी गाडी समोर कुणी आलं तर आपणहून ब्रेक मारते.
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.
मी फक्त सांगलीतली माझी लूना काढली,
बाबांनी जुनीच घेतलेली, हरभट रोडला बंद पडायची,
ढकलत आणायचे मी, शिव्या देत,
पण दुसऱ्या कुणी दिल्या तर ऐकून घ्यायची नाही.
त्याने दिवा मालवला. अंधारात म्हणाला,
ब्रेक नवे टाकून घेऊ. टायरही.

आईस्क्रीमच्या दुकानातून साठवलेले आठशे
शर्वरीने टेबलावर ठेवले. वीस वीसच्या नोटा,
व्हॅनिलाचा वास असलेल्या.
कागदावर सही करताना जीभ दातांत धरली होती.

दहाव्या दिवशी रिव्हर्स घेताना
आमचीच टपालपेटी.
ती आत येऊन बुटांच्या रॅकपाशी उभी राहिली.
मी बाहेर गेले, कार्ड ठेवून पाहिलं.
नाही मावत. चारी बाजूंनी नाही.
अविनाश टपालपेटी सरळ करत होता,
माझ्याकडे न बघता.

आज सकाळी काचेवर बर्फाची साय धरली होती.
खरवडणी सापडेना, तर तिने तेच कार्ड घेतलं,
करकर करत हाताएवढी जागा मोकळी केली
आणि लगेच चावी फिरवली.
मी गाऊनवरच धावले.
एवढ्याशा भोकातून रस्ता बघणार आहेस का?
बंद कर ती. उतर खाली.
अख्खी काच पूस.